गोरा शिरला धानात

यादोराव शाहिराला राजकारणाचं एवढं वावडं होतं, की 'सरकार' हा शब्द तो चारचौघांत खोकल्यासारखा तोंडावर हात धरून काढी. मी उदाराम, त्याच्या खडी गंमतीतला, म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या तमाशातला नाच्या. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भरदुपारी लोकांना हसवायचो. बापाचा डफ आणि तो महिनाभर, एवढ्यासाठीच यादोराव बाकीचं वर्ष जगायचा.

बेचाळीस सालची भाऊबीज आली. त्याची बहीण रुख्मा माहेरी आली होती. तिचा नवरा मिरवणुकीत घोषणा दिल्या म्हणून ऑगस्टपासून नागपूरच्या तुरुंगात होता, आणि तेव्हापासून ती हसली नव्हती. यादोरावानं ताटात हिरवं लुगडं ठेवलं. तिनं ते परत सरकवलं.

"दादा, लुगडं नोको माले. उद्या मंडईत माह्या मालकाच्या नावानं एक गानं म्हन. तेच ओवाळणी."

"आपुन गंमतवाले मानसं, बाई. लोकायले हासवाचं न घरी जाचं. त्या भानगडीत कायले पडाचं?"

"मंग ठेव लुगडं तुयाजवर," म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर भावाशी अक्षरही बोलली नाही. यादोराव जेवला नाही, पण बधलाही नाही. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मात्र माझं नाचायचं लुगडं उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून ते हिरवं लुगडं मी नेसायला मागून घेतलं. रागापुरता राग, लुगड्यापुरतं लुगडं.

दुसऱ्या दिवशी मंडईत हजारभर माणूस. समोर खुर्चीवर जबलपूरकडून आलेला नवा ठाणेदार, मांडीवर वही. यादोरावानं मुद्दाम सगळ्यांत निरुपद्रवी गाणं काढलं. बापाच्या वेळचं, धान खाणाऱ्या बैलाचं:

"गोरा शिरला धानात गा, गोरा शिरला धानात,
हाकला त्याले, हाकला गा, जाऊ द्या आपल्या रानात."

आता आमच्याकडे गोऱ्ह्याला गोराच म्हणतात. तो मधला 'ऱ्ह' काढायची मेहनत आम्ही झाडीतली माणसं घेत नाही. चाळीस वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. पण त्या दिवशी दुसऱ्या कडव्याला मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग सगळं मैदान. यादोराव कानात म्हणाला, "तुयं लुगडं सुटलं का गा?" मी निऱ्या चाचपल्या. जागेवर होत्या. तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला, पण सांगणार कसा, ठाणेदार उठून उभा राहिला होता.

"गाना बंद. ये गोरा कौन है?"

"जनावर हाय जी," यादोराव म्हणाला.

मैदान फुटलं. ठाणेदारानं पेन्सिल जिभेला लावली.

"रंग कैसा है?"

"पांढरा जी."

"कहाँ से आया?"

"बाहेरून आला जी."

"किसके खेत में घुसा?"

"आमच्याच जी. हाकलला तरी जाऊन नाही राहिला."

शपथेवर सांगतो, यादोराव अक्षर न अक्षर खरं बोलत होता. केला गणपती, झाला मारुती. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते, एक म्हातारा भज्यांच्या टोपलीत बसला, आणि मी तोंडात पदर कोंबून उभा होतो. एकट्या यादोरावालाच अजून कळलं नव्हतं. मी न राहवून त्याच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा उकडलेल्या शिंगाड्यासारखा काळा पडला.

ठाणेदारालाही भांडण नको होतं. हजार माणसांपुढे शिपाई दोनच. तो हळू आवाजात म्हणाला, "सबके सामने बोल दो कि ये सिर्फ बैल है। नहीं तो डफ जब्त, और आगे किसी मंडई में गाना नहीं।"

सोपं होतं. नुसतं खरं बोलायचं होतं. यादोरावानं डफ छातीशी धरला, लोकांकडे वळला, तोंड उघडलं. आणि तसाच राहिला. बायकांच्या घोळक्यात रुख्मा हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, शेजारणीच्या खांद्यावर बुक्क्या मारत. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

यादोरावानं डफावरून एकदा हात फिरवला, जावळ कुरवाळावं तसा.

"साहेब," तो म्हणाला, "कालपावतो बैलच होता. आता नाही."

डफ त्यानं आपल्या हातानं ठाणेदाराला दिला. मला रडू येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं. मी नाच्या आहे, मी नाचलो. पायातले चाळ काही जप्त झाले नव्हते. लोकांनी टाळ्यांवर ठेका धरला आणि यादोरावानं तेच गाणं पुन्हा उचललं, पूर्वी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात. ठाणेदार सायकलवर निघाला. मागे बांधलेला डफ वाटेतल्या खड्ड्याखड्ड्याला ढब ढब वाजत होता आणि लोक त्यालाही "हाकला गा" म्हणत साथ देत होते.

गाणं संपलं तशी रुख्मा गर्दीतून वाट काढत आली. भावापुढे उभी राहिली. मग ती माझ्याकडे वळली.

"उदाराम, लुगडं सोड."

"काऊन वो बाई? तुले तर गानं पाह्यजे होतं."

"गानं मालकाचं झालं. लुगडं माहं हाय."

मी धोतर आणि चोळीवर घरी गेलो.