बारावा दगड

वनखात्याच्या मच्छिंद्र गार्डाला खैरमाळाचा डोंगर चढायचा कंटाळा होता, आणि तेवढ्यापायी अख्खा डोंगर हातचा जायची वेळ आली होती.

सकाळी जाफराबादेहून जीप आली. पुण्याचे एक साहेब मोजायच्या फिती, दोऱ्या आणि कागदांचा गठ्ठा घेऊन देवळाच्या ओट्यावर बसले. जंगल गावाला काय देतं, त्याची किंमत काढायची होती. लाकूड, चारा, विहिरीत झिरपणारं पाणी, सगळ्याची. शिवाय गावाच्या समितीनं जंगल नीट राखलंय का, हे झाडं मोजून ठरायचं होतं. झाडं भरली तर डोंगर आणि गवताचा हक्क आणखी दहा वर्षं गावाकडं. नाही भरली तर डोंगर उजाड ठरणार, आणि उजाड डोंगरासाठी खडी फोडायच्या मशीनवाल्याचा अर्ज तयारच होता.

साहेबांनी प्रश्न विचारले ते समितीचा अध्यक्ष रामराव याला. हा गृहस्थ डोंगरावर शेवटचा गेला होता तो हरवलेला बैल शोधायला, आणि बैलही खालीच सापडला होता.

"पाण्यासाठी, शुद्ध हवेसाठी वर्षाला किती द्यायची तयारी आहे तुमची?"

"हवेला बी पैशे? लिव्हा पाच रुपये."

ओट्यावरचे पुरुष खो खो हसले. गवताला निघालेली सगुणाबाई खाली विळा घेऊन उभी होती. तिला काही कोणी विचारलं नाही. नाक मुरडून तिनं तोंड फिरवलं. यांच्या गोठ्यातल्या म्हशी कुणाच्या डोक्यावरून आलेलं गवत खातात, हे या शहाण्यांना पाच रुपयांत कळणार नव्हतं.

"झाडं मोजायचे तुकडे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हे काय, रस्त्यालगतच," मच्छिंद्र म्हणाला.

खालच्या सपाटीला, शेळ्यांच्या पायवाटेवर, चुना मारलेले बारा दगड होते. चार-चार दगडांचे तीन चौकोन. त्यांत तरोट्याचं तण माजलेलं आणि प्रत्येकात दोन-तीन खुरट्या बाभळी. साहेबांचा चेहरा पडला. जेवण झाल्यावर मोजू, असं म्हणून ते रामरावाच्या घरी कोंबडीच्या रश्श्याकडं वळले.

सगुणाबाईला ते दगड नवे नव्हते. तिनंच बाकीच्या बायांबरोबर ते खाली आणले होते.

अकरा वर्षांमागं वनखात्यानं ते डोंगरावर बसवले होते. मच्छिंद्रानं दर वर्षी वर जाऊन त्यांतली झाडं मोजायची होती. पहिल्याच वर्षी त्याला धाप लागली. मग त्यानं अर्ध्या रोजावर बाया लावल्या आणि दगड रस्त्याला आणवले. वर शेळ्या दगड पाडतात, म्हणाला. सगुणाबाईनं मुकाट्यानं दगड उचलला होता, आणि ते आठवून तिला आता स्वतःचीही चीड आली. तेव्हापासून हा बाबा मोटारसायकलवरून न उतरता बाभळी मोजायचा आणि वहीत 'तीन' लिहायचा. वर मात्र त्याच बाया पाळीपाळीनं राखणीला जात. विळा चालेल, कुऱ्हाड नाही, असा त्यांचा कायदा. धावडा, खैर, पळस वाढले. गवत कमरेला आलं. पण वहीत तीन म्हणजे तीनच.

ती तडक वस्तीवर गेली. तिला धरून अकरा जणी निघाल्या. भाकरी तव्यावर तशीच टाकून पुष्पाबाईसुद्धा आली.

मच्छिंद्र जेवून, सुपारी कातरत बाहेर आला, तेव्हा अकरा दगड डोक्यांवर चढले होते.

"अय, कुठं नेऊन राह्यल्या?"

"जिथून आणल्ते तिथं," सगुणाबाई म्हणाली.

"सरकारी दगड हायेत ते!"

"बराबर. म्हणून तर सरकारी जागी नेऊन राह्यलो."

"साहेबाला सांगतो मी!"

"सांगा की, जल्दी सांगा. साहेब इच्यारतील, दगड खाली कुणी आणवले. मंग काय सांगताल?"

मच्छिंद्रानं अडकित्ता खिशात टाकला.

"आम्ही अकरा जणी, दगड बारा," ती म्हणाली. "बारावा तुम्ही घ्या."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. एक कोपरा कमी पडला तर चौकोनच होत नव्हता, आणि त्याची नोकरी आता त्या चौकोनात अडकली होती. त्यानं टोपी खिशात घातली. सगुणाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, वर दगड दिला. गार्ड चालायला लागला.

अकरा वर्षं ज्या डोंगराचा पगार खाल्ला, त्याची पायवाट त्याला ठाऊक नव्हती. पुष्पाबाई पुढं होऊन वाट दाखवत होती. चार ठिकाणी तो थांबला. एकदाही कोणी त्याच्या दगडाला हात लावला नाही. बाकीचे दगड जुन्या खड्ड्यांत बसवून बायांनी कपाळं पुसली, तेव्हा कुठं तो पोचला.

दुपारी खाली दगड दिसेनात, तेव्हा साहेब विचारत विचारत, धापा टाकत वर आले. पहिल्या चौकोनात एक्केचाळीस झाडं भरली, बहुतेक मांडीएवढ्या बुंध्याची. साहेबांनी गार्डाची वही उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गेल्या वर्षी तीन, यंदा एक्केचाळीस? सकाळी हे दगड रस्त्यालगत होते, आणि इथं यांच्याभोवतीची माती ताजी आहे."

आता खोटं बोललं की डोंगर गेला, हे सगुणाबाईला कळलं.

"आजच बसवले साहेब," ती म्हणाली. "अकरा वर्षांमागं हितूनच खाली नेल्ते, ह्या गार्डाच्या सांगण्यावरून. तवा मी इच्यारलं न्हाई, ही चूक माझी. दगड उचलून बघा, खड्ड्यात जुना चुना हाय."

साहेबांनी एक दगड बाजूला करवला. तळाशी चुन्याचा वाळलेला थर होता, दगडाच्याच मापाचा.

"खरं आहे का हे?" त्यांनी मच्छिंद्राला विचारलं.

"न्हाई साहेब, बिलकुल खोटं! ह्या बाया काय बी बोलत्यात. दगडाला मी हात बी लावला न्हाई कधी."

साहेब त्याच्या डोक्याकडं पाहत राहिले.

"मग हे काय आहे?"

मच्छिंद्रानं डोक्याला हात लावला. चुंबळ तिथंच होती. तो हात तिथंच राहिला.

साहेबांनी वहीतल्या तीनवर काट मारली, वर एक्केचाळीस लिहिले आणि दुसऱ्या चौकोनाकडं निघाले. बाया त्यांच्यामागं निघाल्या. सगुणाबाई मात्र मच्छिंद्रासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"चुंबळ द्या माझी. मला अजून गवताचा भारा न्यायचाय."