उजव्या पायाचं पैंजण

साल २०१६. अंधेरीच्या एका इस्पितळात प्रांजल टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि तिची आजी वनमाला तिच्या घोट्यांवर डोळे लावून उभी होती.

पोर सहा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून पाय ताठ. ऑपरेशनने ताठरपणा जाईल, डॉक्टर म्हणाले होते, पण पायांवर तिचा ताबा किती ते आधी तपासू. आणि वनमालाच्या लेकाने, प्रांजलच्या बापाने, राजेशने, दहिसरच्या खोलीत सांगून टाकलं होतं की ऑपरेशन होणार नसेल तर पोरीला देवगडला चुलतीकडे पोचवायची. नवराबायको दोघं कामावर, उचलणार कोण?

म्हणून वनमालाने पोरीच्या पायांत घरातलं पैंजण घातलं. रोज दुपारी भिंतीशी बसवून म्हणायची, वाजव. प्रांजल दात आवळून अख्खा पाय पोटाशी ओढायची. त्याबरोबर पाऊल उचललं जायचं, घुंगरं खुळखुळायची. वनमाला शेजारच्या शकुला बोलावून कौतुकाने दाखवायची.

थेरपिस्ट रेवतीने आता उजवा गुडघा हातात घट्ट धरला. "फक्त पाऊल वर कर. बाकी काही हलवायचं नाही हं."

प्रांजलचं कपाळ घामेजलं. उजवं पैंजण गप्प. मग, कुणी न सांगता, डावं किणकिणलं.

"आजी, वाजलं ना?"

"वाजला गो बाये," वनमाला म्हणाली.

रेवतीने डावा पाय धरला, तर उजवं वाजलं.

दाराशी राजेशने विचारलं, पास झाली का? रेवती म्हणाली, यात पास-नापास नसतं. एकेक पाऊल वेगळं हलवायचा ताबा तिला नाही, या ताठरपणाच्याच आधारावर ती उभी राहते. तो काढला तर तेवढंही जाईल. ऑपरेशन नको.

रिक्षात राजेश आईला एवढंच म्हणाला, "इतके महिने काय शिकवलंस गं तिला? नाच?"

प्रांजलला पोचवायला वनमाला देवगडला गेली ती परतलीच नाही. रेवतीने मुलुंडला स्वतःचं क्लिनिक काढलं. शकु वारली. राजेश मरोळला राहायला गेला, त्याला मुलगा झाला. तो चालायला लागला तेव्हा राजेशने फोन करून घरातलं पैंजण मागितलं. हरवलं, वनमालाने सांगितलं.

साखळी वाढवून घेतलेलं ते पैंजण प्रांजलच्याच पायांत आहे. आजी परसात असली की ती पडवीत बसून उजवं पाऊल हलवायला जाते. डावं वाजतं. वनमाला ओ देते.