खडूचा बाण

आमच्या घरात एक चाळीस कोटी वर्षांचा किडा आहे. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग किड्याकडे. ट्रायलोबाईट त्याचं नाव. समुद्राच्या तळाशी रांगायचा म्हणे, माणसाचा पत्ता नव्हता तेव्हा. मी त्याला झुरळ म्हणायचे आणि आमचे हे चिडायचे. चिडावेत म्हणूनच म्हणायचे.

हे म्हणजे ज्योतीराम, माझे मिस्टर. चाकण रोडच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांचा उभा जन्म गेला. ज्या लोखंडी साच्यातून गाडीचे पार्ट निघतात तो साचा हाताने घासून घासून गुळगुळीत करायचा, हे काम. रिटायर झाले आणि चार दिवसांत माझं डोकं खाल्लं. आज कुकरची शिट्टीच खोलून ठेव, उद्या कपाटाच्या बिजागऱ्याच काढून बस. हाताला म्हणून चैन नाही. शेवटी आमच्या स्नेहलने, ती माण गावातल्या एका आयटी कंपनीत आहे, ऑनलाइन एक दगड मागवून दिला. मोरोक्को का कुठल्या देशातला. मधोमध फुटलेला आणि त्या फुटीत एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे आतल्या किड्याच्या पाठीची कड. दोन्ही तुकडे परत चिकटवायचे आणि वरून कणाकणाने दगड काढत किड्यापर्यंत पोचायचं. मी स्नेहलला म्हटलं, बापाला दगड फोडायला बसवलंस, सक्तमजुरीच ही. पण माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः उठून चहा करून बाल्कनीत बसलेला. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी चहा केला, तो त्या किड्यासाठी.

मग काय, आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची बाल्कनी गेली ती गेलीच. तिथे कॉम्प्रेसर आला. हवेवर थरथरणारं सुईचं पेन आलं. भिंगाचा दिवा आला. वर माझा खायचा सोडा त्यांनी पळवला, हवेच्या झोतात घालून किड्याची पाठ साफ करायला. ढोकळा करायला जावं तर डबा रिकामा. आणि धूळ म्हणजे किती हो. पांढरी, पिठासारखी. सकाळी ओलं फडकं फिरवावं तर दुपारी पुन्हा पाय उमटतात. मी रोज तोंड सोडायचे आणि ते तोंडावर मास्क चढवून बसायचे. मास्क मीच लावायला लावला होता, पण त्यातून ते हसतात की ओठ मुडपतात ते कळायचं नाही, आणि माझा राग आणखीच चढायचा.

एक किडा पुरा झाला की तो कोणाला तरी देऊन टाकायचे आणि नवा दगड मागवायचे. एक मात्र खरं. किड्याचा डोळा बाहेर आला की मला हाक यायची. भिंगाखाली बघावं तर डोळ्यात बारीक मण्यांच्या ओळीच्या ओळी. डोळासुद्धा दगडाचाच होता याचा, मेला तरी मिटला नाही, असं सांगायचे. मी 'बरं' म्हणून पोळ्या लाटायला जायचे. पण बघून जायचे, हे कबूल.

रविवारी भीमराज भाऊजी यायचे. यांचे दोस्त, त्याच टूलरूमचे. दोघांची दोस्ती गमतीची होती. दोघांना टेबल एकच, पण शिफ्ट वेगळी. हे पहिलीला असले की ते दुसरीला, आठवड्याने उलट. एकाने अर्धा केलेला साचा दुसऱ्याने पुढे न्यायचा. भेट काय ती शिफ्ट बदलताना, एका कटिंग चहापुरती. त्यातही बोलायचं कमीच. त्यांच्यात एक रीत होती. उठणाऱ्याने जिथे काम थांबवलं तिथे खडूने बाण काढून जायचं. येणाऱ्याने बाण बघायचा आणि तिथून हात लावायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. यांना कधी कामाचा घोर लागला नाही. जेवताना म्हणायचे, माझ्यामागे भीमराज आहे. मला वाटायचं, मीसुद्धा आहे की. पण म्हटलं नाही कधी.

शेवटचा दगड जरा मोठा होता, मुठीएवढा. त्यातून यांनी किड्याचं अर्धं डोकं आणि उजवा डोळा काढला, आणि तेवढ्यात छातीचं दुखणं उपटलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत, हृदयच थकलंय. म्हणजे माझी धुळीची कटकट फुकटच गेली. ॲडमिट व्हायचं ठरलं त्या सकाळी मी पिशवी भरतेय, स्नेहलची गाडी खाली उभी, आणि हे घरभर काहीतरी शोधतायत. काय हवंय विचारलं तर म्हणे खडू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, दवाखान्यात जायचंय की शाळेत? नातीच्या खेळण्यातून एक तुकडा मिळाला वाटतं, बाल्कनीत गेले, लगेच बाहेर आले, चप्पल घातली. जिना उतरताना माझा हात धरला. आधारासाठी धरला असेल असं मला वाटलं.

ते परत आले नाहीत.

पुढचं सगळं झालं, सगळ्यांचं होतं तसं. पाहुणे आले, गेले. स्नेहलने बाल्कनी आवरू का विचारलं. मी तिच्या अंगावर धावून गेले. कॉम्प्रेसर तिथेच, स्टूल तिथेच. तो अर्धवट राहिलेला दगड तेवढा आत आणून यांच्या फोटोजवळ ठेवला, उजवा डोळा माझ्याकडे करून. रोज सकाळी चहाआधी त्याच्यावरून अंगठा फिरवायचा हा माझा नेम झाला. एका बाजूला किड्याचं गुळगुळीत डोकं लागायचं आणि मग एकदम खरबरीत दगड, सुईचे बारीक ओरखडे. तिथे यांचा हात थांबला होता.

वेडेपणा वाटेल, पण सांगते. या माणसाने आयुष्यात काम अर्धं टाकलं नाही. भाजी आणायला पाठवलं आणि वाटेत कोणाची सायकल बिघडलेली दिसली तर ती दुरुस्त करून, हात काळे करून, भाजीसकट घरी यायचे. म्हणून तो दगड अर्धा होता तोवर मला वाटायचं, काम राहिलंय ना, मग हे चहा प्यायला खाली गेलेत. येतील. मनाला माहीत होतं सगळं. पण अंगठ्याला माहीत नव्हतं. त्या ओरखड्यांच्या आधारावर मी दिवस काढले.

दिवाळीनंतर भीमराज भाऊजी घरी आले. दगड हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा करत राहिले. मग म्हणाले, वहिनी, असा उघडा ठेवू नका, पडला तर तुकडे होतील. मी शिसवीची बैठक करून देतो, वर्षश्राद्धाच्या आत. मला द्यायचं जिवावर आलं. पण या घरात या दगडाला हात लावायचा हक्क कोणाला असेल तर त्यांनाच. मी साडीच्या तुकड्यात बांधून दिला. सांगितलं, फक्त बैठक.

मग भाऊजी गायबच. फोन केला की लाकूड मिळालं नाही. पुन्हा केला की पॉलिश वाळलं नाही. एकदा त्यांच्या बायकोने, नीलाने फोन उचलला, म्हणाली, ताई, हे आतल्या खोलीतून बाहेरच येत नाहीत, डोळे सुजलेत. मला काही उमगलं नाही. मी उलट तिलाच सुनावलं, की एका बैठकीला इतका वेळ लागतो तर कंपनीने भाऊजींना पोसलं कसं. सकाळी अंगठा सवयीने फोटोजवळ जायचा आणि लाकडी फळीवर टेकायचा. चहा कडू लागायचा.

वर्षश्राद्धाला भाऊजी आणि नीला आले. पानं उठली होती, पाहुणे सुपारी कातरत बसले होते. भाऊजींनी साडीचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले, सुपरवायझरपुढे उभं राहावं तसे. मी गाठ सोडली.

शिसवीची बैठक होती, आणि तिच्यावरच्या दगडातून किडा पुरा बाहेर आला होता. दोन्ही डोळे, पाठीवरचे सगळे पट्टे, शेपटीची कड. दगडावर नुकताच येऊन बसल्यासारखा. पाहुण्यांनी माना डोलावल्या. स्नेहल रडायला लागली, म्हणाली, बाबांना किती आवडलं असतं. मी अंगठा फिरवला. सगळं गुळगुळीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा लागेना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांसमोर बोलायचं नाही एवढं भान होतं. भाऊजींना बाल्कनीत घेऊन गेले, दार लोटलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला बैठक करायला सांगितलं होतं. कोणी सांगितलं होतं पुरा करायला? त्यांच्या हाताचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे, तेही तुम्ही घासून टाकलंत. खूप बोलले. ते कॉम्प्रेसरवर हात ठेवून उभे होते.

माझा दम संपला तेव्हा ते आत गेले, दगड घेऊन आले आणि मागची बाजू माझ्याकडे केली.

"वहिनी, हे तुम्ही बघितलं नव्हतं?"

दगडाच्या मागच्या अंगाला, जी बाजू मी इतके दिवस भिंतीकडे ठेवली होती, तिथे खडूचा एक बाण होता. थोडा पुसटलेला. टोक डाव्या डोळ्याकडे.

मी म्हटलं, स्वतःसाठी खूण केली असेल.

"स्वतःसाठी कोणी बाण काढत नाही," भाऊजी म्हणाले. "उद्या आपणच यायचं असलं तर खडूला कोण हात लावतो? पुढचा येणार असला तरच काढायचा. एवढ्या वर्षांत तो एकदाही चुकला नाही. दिवाळीला मी दगड उलटा केला आणि मला हे दिसलं. मग मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा."

मला तो खडू आठवला. घरभर फिरणारे हे आठवले आणि जिन्यात धरलेला हात. मी वर्षभर समजत होते की हा माणूस परत यायच्या हिशेबाने उठला. आणि त्यांना त्या सकाळी माहीत होतं. चप्पल घालायच्या आधी माहीत होतं. दोस्ताला निरोप ठेवला त्यांनी, नीट, रीतीप्रमाणे. मला नाही ठेवला. मी पिशवी भरत होते आणि बडबडत होते. मला सांगायचं कसं, ते त्यांना सुचलं नसेल. की हात धरला तेच सांगणं होतं, कोण जाणे. आता विचारू कोणाला?

मी स्टुलावर बसले. यांच्या जागेवर, पहिल्यांदाच. आणि रडले, वर्षभराचं एकदम. भाऊजीही डोळे पुसत होते. चष्मा काढला तेव्हा दिसलं, डोळे लाल झाले होते. नंतर नीलाने सांगितलं की कॉम्प्रेसर इकडे राहिला म्हणून त्यांनी सगळा किडा नुसत्या हातातल्या सुईने काढला. डावा डोळा काढायला सगळ्यात जास्त वेळ घेतला.

निघताना भाऊजी दारात घुटमळले. म्हणाले, काम पुरं झालं की ज्याने पुरं केलं त्यानेच बाण पुसायचा असतो. कापड घेऊन बसलो होतो, वहिनी. हात धजला नाही. तुम्ही पुसा.

पाहुणे गेल्यावर मी बाल्कनी आवरली. काम झालं की टेबल रिकामं करायचं, हीही त्यांचीच रीत. कॉम्प्रेसर भाऊजींकडे पाठवला. स्टूल आत आणलं. फरशीवरून ओलं फडकं फिरवलं, पांढरी धूळ निघाली ती शेवटची. आता रोज फिरवते तर फडकं काळं होतं, रस्त्याच्या धुराने. पांढरं काही निघत नाही.

दगड पुन्हा फोटोजवळ आहे, शिसवीच्या बैठकीवर. पण मी तो उलटा ठेवलाय. दोन्ही डोळे भिंतीकडे आणि बाण माझ्याकडे. येणारे विचारतात, अहो, चांगली बाजू मागे का? मी म्हणते, असू दे. घरातली सगळी भांडीकुंडी मी रोज पुसते. त्या दगडाला मात्र फडकं लावता येत नाही, अंगठाही फिरवता येत नाही, खडू जाईल. साऱ्या घरात तेवढ्या एकाच वस्तूवर धूळ आहे, आणि मी ती बसू देते.