लोणी प्यायलेला खांदा

सन २०२२. पोळ्याचा दुसरा दिवस. तान्ह्या पोळ्यात सगळ्या गावासमोर माझी फजिती झाली, आणि तिथून पुढे जे घडलं तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बैल आहे. चार चाकांच्या फळीवर उभा असतो. आमच्या भागात पोळा असतो खऱ्या बैलांचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो लेकरांचा. लेकरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघर फिरवतात. प्रत्येक घरून बोजारा मिळतो, म्हणजे कुठे खाऊ, कुठे एखादं नाणं. त्या एका दिवसासाठी आम्ही वर्षभर वाट पाहत असतो.

माझा जन्म लाखांदूरजवळच्या एका गावात झाला. आमच्या घरचे तुलाराम शेतातून शिवणीच्या लाकडाचा एक ओंडका घेऊन सुताराकडे गेले आणि म्हणाले, "पोराले बैल पायजे." सुताराने पटाशीने पाठ काढली, वशिंड काढलं. डावा कान कोरताना पटाशी घसरली, म्हणून तो कान थोडा आखूड आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तुलारामांचा मुलगा योगेंद्र मला दोरीने ओढायचा आणि तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, धावायचा. माझी चाकं इतकी कुरकुरायची की बदकं पाण्यात पळायची.

मग योगेंद्र मोठा झाला आणि मी माळ्यावर गेलो. मोठ्या माणसांना लाकडी बैल लागत नाही, हे मला माहीत होतं. पण गोदावरीबाईंना, म्हणजे योगेंद्रच्या आईला, मी लागायचो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायची आमच्याकडे रीत आहे. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने लोणी आणि हळद चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. खऱ्या बैलांचं झालं की गोदावरीबाई मलाही माळ्यावरून उतरवत. माझ्या खांद्याने तर कधी जू पाहिलंही नव्हतं, तरी त्या पान फिरवत आणि म्हणत, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पुढे तुलाराम गेले. गोठ्यातली जोडी विकली गेली, दारात ट्रॅक्टर आला. त्यानंतर घरात शेकायला खांदा उरला तो एकट्या माझाच. गोदावरीबाईंनी एक पोळाही चुकवला नाही.

तर २०२२ साल. योगेंद्रची मुलगी मनाली तेव्हा दुसरीत होती. मधली दोन वर्षं रोगराईमुळे तान्हा पोळा भरला नव्हता, म्हणून तिला भारी हौस. तिने मला तोरणाखाली उभं केलं. माझा पांढरा रंग जागोजागी उडाला होता आणि डोळे पुसट झाले होते. बाजूच्या पोरांनी एकमेकांना कोपर मारलं.

"हा बैल हाय का शेळी वं?"

"शेळी बी नोहे. खरूज लागलेलं कुत्रं हाय!"

मनाली रडत घरी आली. योगेंद्र मोबाईलवर बोलत बसला होता. लाखांदूरला त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्याचा फोन कधी थंडावत नाही. फोन बाजूला धरून तो म्हणाला, "रडू नको. पुढच्या साली भंडाऱ्याहून नवा आणतो, चकचकीत. याले टाकू चुलीत."

गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"चुलीत कायले? मी रंगवीन याले."

योगेंद्र हसला. "माय, तुले रंगवणं येते का? साठी उलटली तुई."

"धानाचा रोवणा तरी मी पोटातून शिकून आली होती का?"

"आजी, नाही जमलं त?" मनालीने डोळे पुसत विचारलं.

गोदावरीबाईंनी थोडा विचार केला. "नाही जमलं त तुया बाप नवा आणन, आन् मी तोंड नाही उघडणार. पण पुढच्या पोळ्यापावतर याले कोणी हात लावाचा नाही."

असा सौदा ठरला. माझा जीव एका अशा बाईच्या हातात होता, जिने जन्मात ब्रश धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून त्या केवळरामकडे गेल्या. केवळराम आमच्या गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि आमच्या भागातल्या झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवतो. तो पडवीत एका पडद्यावर राजवाडा काढत होता.

"बाबू, मले रंगवणं शिकव."

"ठेवून जा न काकी, मी मारून देतो दोन हात."

"तू मारशीन त ते तुयं होईल. मले माया हातानं पायजे."

केवळरामने त्यांच्याकडे पाहिलं आणि एक जाडा ब्रश पुढे केला. गेरूचं पाणी दिलं आणि न्हाणीची भिंत दाखवली. "याच्यावर सरळ रेघ काढा."

गोदावरीबाईंनी ब्रश उचलला, अंगठा त्याच्या केसांपर्यंत पुढे नेला आणि भिंतीत खुपसला. गेरू उडून केवळरामच्या बनियनवर गेला.

"अवो काकी, हा रोवणा नोहे! खुपसू नका. हे काय धानाचं रोप हाय?"

सारा जन्म त्यांनी चिखलात रोपं खोचली होती. अंगठ्याला तेवढंच ठाऊक होतं. मित्रांनो, ती सवय मोडायला दिवाळी उजाडली. तोवर न्हाणीच्या भिंतीवर सगळीकडे अंगठ्याचे ठसे होते आणि केवळरामची बायको रोज एकदा बोलून दाखवत होती.

पण गोदावरीबाई जायच्या. दुपारची भांडी घासली की पदर खोचून निघायच्या. मला बाजूला ठेवायच्या, बशीत चहा ओतायच्या आणि रंगवायच्या. भिंतीनंतर पत्र्याच्या डब्यांची झाकणं आली, मग जुन्या कॅलेंडरच्या पाठी. पानं काढली, मडकं काढलं, केवळरामची कोंबडी काढली. कोंबडी पाहून केवळराम म्हणाला, "ढग चांगला जमला." त्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

हळूहळू त्यांना काहीतरी होऊ लागलं. चालताना मध्येच थांबायच्या. उकडलेला शिंगाडा सोलता सोलता त्याचं साल उजेडात धरून पाहायच्या. एकदा सकाळी पाळीवरून मनालीला म्हणाल्या, "पाय वं, मी जलमभर म्हणत होती का तलाव हिरवा हाय. कुठं हिरवा हाय? आता तांबडा हाय, मंग राखुंडीवानी होते." मनालीला काही दिसलं नाही. गोदावरीबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या, डोक्यावर पाण्याची गुंडी तशीच.

पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पोळा लांबला. मला उन्हात ठेवून त्यांनी जुना रंग खरवडला, काचकागद फिरवला. मग पांढरा ऑईल पेंट दिला, काळे खूर, काळे डोळे. डोळ्यांना एक अख्खी दुपार लागली. श्वास रोखून त्यांनी बुबुळात पांढरा ठिपका ठेवला आणि मला पुन्हा दिसू लागलं, असंच मी म्हणेन.

मनालीने टाळ्या वाजवल्या. योगेंद्रही म्हणाला, "बरा दिसते."

थोड्याच दिवसांत माझ्या खांद्यावर फोड आले. मनालीने बोट लावलं आणि तळहाताएवढा रंग सालीसारखा निघून आला.

गोदावरीबाईंनी तो खरवडला आणि पुन्हा लावला. पुन्हा निघाला. त्यांनी सोड्याच्या पाण्याने धुतलं, राख चोळली, ऊन पडेल तेव्हा उन्हात ठेवलं. ऊन लागलं की माझ्या खांद्यातून चिकट ओल वर यायची. केवळरामने बोट फिरवून वास घेतला.

"काकी, याच्यात तूप कोणं मुरवलं?"

गोदावरीबाईंनी खांदा हुंगला. इतक्या वर्षांचं लोणी, इतक्या वर्षांची हळद. त्यांच्याच हातांनी त्यांनी मला ते पाजलं होतं, आणि शिवणीचं लाकूड ते मुकाट्याने प्यायलं होतं.

"आता याच्यावर रंग बसणार नाही," केवळराम म्हणाला. "रंधा मारून खांदा खाली उतरवा, नाहीतर झूल टाका वरून. कोणाले दिसते?"

"मले दिसते."

"मंग रंधा मारू?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खांदाच काढला त बैल कायचा?"

पोळा तोंडावर आला होता. योगेंद्रने एका संध्याकाळी खोका आणून कोपऱ्यात ठेवला. आत नवा बैल होता, लखलखीत, गळ्यात घुंगरू. "नाही जमलं त असू दे घरी," तो हळूच म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या खोक्याकडे पाहून मला माझी चूल दिसू लागली.

गोदावरीबाई मला घेऊन ओट्यावर बसल्या. बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या, तळ्याकडे पाहायच्या तशा. माझा उघडा खांदा हळदीने आणि लोण्याने पिकला होता. तो पिवळा नव्हता, तपकिरीही नव्हता. जुन्या तांदळासारखा होता, आणि कडेला मधासारखा.

त्या उठल्या आणि रंगांचे डबे काढले. पांढऱ्यात पिवळा टाकला, चिमूटभर तांबडा, काडीच्या टोकाने काळा. माझ्या खांद्याशेजारी ठिपका लावला. नाही. पुसला. परत मिसळला. फार गुलाबी झाला. पुसला. दुपार गेली, चहा निवला. शेवटी एक ठिपका असा पडला की तो कुठे पडला ते त्यांनाच सापडेना. मग त्यांनी माझं सगळं अंग त्याच रंगाने रंगवलं, खांद्याकडे येता येता पातळ, आणखी पातळ, आणि खांदा उघडाच ठेवला. रंग कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं, ते कुणालाच सांगता येईना.

केवळराम पाहायला आला. माझ्याभोवती फिरला. "काकी," तो म्हणाला, "हे मले नसतं सुचलं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाचं पान आलं, लोणी आलं. उघड्या खांद्यावर नेहमीसारखी हळद चढली. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मनाली एकदा खोक्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहू लागली.

"आजी, रस्त्यात निघाला त रंग? पोरं हसतीन."

गोदावरीबाईंनी पाण्याची गुंडी उचलली आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगावर रिकामी केली. पदराने मला खसाखसा पुसलं, पाठ, पोट, पाय. मग तो पांढरा पदर त्यांनी योगेंद्रपुढे धरला.

"पाय. निघाला का?"

पदरावर थोडी हळद होती. रंगाचा डाग नव्हता.

योगेंद्रने खोका उचलून पलंगाखाली सरकवला आणि माझी दोरी मनालीच्या हातात दिली.

बक्षीस मिळालं ते लाईट लावलेल्या एका बैलाला. पण कुणी मला शेळी म्हटलं नाही. बोजारा मागत फिरताना एका म्हाताऱ्याने मला थांबवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मनालीच्या ओंजळीत भरपूर चणे टाकले.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. खोक्यातला नवा बैल अंगणवाडीत गेला आणि तिथल्या लेकरांचा लाडका झाला. केवळराम अजून पडदे रंगवतो, पण जंगलाचा पडदा असला की पानं काढायला गोदावरीबाईंना बोलावतो. पानांची मजुरी द्यायला विसरतो, चहा मात्र विसरत नाही. योगेंद्र साकोलीला गेला की न सांगता रंगांचे डबे आणतो आणि टर्पेंटाइनच्या वासाने डोकं दुखतं म्हणून कुरकुर करतो. मनालीला चित्रांची जराही आवड नाही, ती शाळेच्या कबड्डी संघात आहे. गोदावरीबाईंचा हात आता थरथरतो. तरी सकाळी तळ्याकडे तोंड करून त्या बसतात आणि रोज तेच पाणी नव्याने रंगवतात. मी त्यांच्या बाजूला खिडकीत उभा असतो. मला वाळवी लागू नये म्हणून त्या माझे पाय आठवड्याला पुसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी म्हातारपणी काही शिकायला काढलं, तर त्यांना वय विचारू नका. चित्र ओळखू आलं नाही तर कसलं आहे तेही विचारू नका, जवळ बसून चहा प्या. आणि उठताना त्यांचा ब्रश तेवढा धुऊन ठेवा. गुडघे दुखत असले की नळापर्यंत जाणं फार लांब वाटतं.