गप्पीदासाचा थांबा आणि जावईबापूंची मिशी

मित्रांनो, मी एक जुना पक्षीथांबा आहे. किडका आहे, वाकडा आहे आणि नागासारखा डूख धरणारा आहे. पहिल्या दोन गोष्टी वयानं आल्या. तिसरी जावईबापूंनी दिली.

माझा जन्म वेल्ह्याच्या डोंगरातला, मेस जातीच्या बांबूच्या बेटातला. भोरकडच्या साळूबाईनं मला बाजारातून आणलं, डोक्यावर निरगुडीची आडवी काठी सुतळीनं बांधली आणि हरभऱ्यात रोवलं. भाटघर धरणाचं पाणी हटलं की खालचा गाळ उघडा पडतो. त्यातच ती पेरते. हरभऱ्याला घाटे धरले की अळी येते. माझं काम एवढंच, की पाखरांना बसायला जागा द्यायची. पाखरू माझ्यावर बसतं, खाली अळी हेरतं, झेप घेतं आणि पुन्हा जागेवर येतं. फवारा नको, औषध नको.

"माझा थांबा म्हंजी बिनपगारी राखणदार," असं साळूबाई चारचौघींत सांगायची. तेव्हा मी चांगला वीतभर उंच व्हायचो.

माझ्यावर कोतवाल बसायचे, वेडे राघू बसायचे, पण जिवलग एकच, गप्पीदास. चिमणीहून लहान, काळं डोकं, नारिंगी छाती आणि दोन गारगोट्या आपटाव्यात तसा आवाज. दिवाळीच्या सुमारास तो हिमालयापलीकडून यायचा, शिमगा झाला की परत जायचा. सोबत मातकट रंगाची बायको असायची. तो सांगायचा, "डोंगरावर एवढी थंडी होती, की माझा आवाजच गोठला. चोचीत धरून आणला आणि भोरच्या उन्हात वितळवला!" मला ते खरंच वाटायचं. काठीला पाय नसतात, तिला लांबचं सगळंच खरं वाटतं.

मग एका शिमग्याला साळूबाईचे जावई आले. वरव्याचे सोमनाथराव. पिळदार मिशी, नवे बूट आणि खिशात उंदीर धरायच्या गमाची ट्यूब.

"मामी, दोस्तांना पार्टी द्यायचीय. रानातल्या पाखरांची," असं म्हणत त्यांनी माझ्या आडव्या काठीला गम फासला.

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. सासूनं जावयाला उलट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत.

गप्पीदासाची बायको येऊन बसली ती बसलीच. ती फडफडत होती आणि मी हातभरसुद्धा सरकू शकत नव्हतो. सोमनाथरावांनी तिला ओरबाडून काढलं. पिसं माझ्यावरच राहिली. तळहातावर तोलून ते म्हणाले, "ह्यात एक घास पण न्हाई," आणि तिला पाण्यात भिरकावून दिलं.

मित्रांनो, घासासाठी मारलं असतं तर त्याला भूक तरी म्हणता आलं असतं.

पुढं पाखरं माझ्याकडं फिरकली नाहीत. उशिरा पेरलेला हरभरा तेव्हा घाट्यांत होता. तो अळीनं पोखरून काढला. "पाखरं गेली, हरभरा गेला," असं म्हणत साळूबाईनं मला उपटून गोठ्यात टाकलं. शेजारी म्हैस रवंथ करायची, मीही करायचो. ती कडब्याचा, मी सुडाचा.

पुढच्या हंगामात साळूबाईनं मला राखेनं घासलं, पुन्हा रोवलं. गप्पीदास आला, एकटाच. गप्पा नाहीत, थापा नाहीत. नुसता अळ्या खायचा. शिमग्यापर्यंत त्याच्या अंगात चरबी साठली. तेवढीच त्याची शिदोरी, तिच्यावरच हिमालय ओलांडायचा. तो उद्या निघणार आणि आज जावईबापू हजर! हातात नवी ट्यूब.

फासला गम. गप्पीदास दोन्ही पायांनी अडकला.

सोमनाथराव बांधावरून यायचं सोडून पाण्याच्या अंगानं आडवे निघाले. गाळाची रीत त्यांना ठाऊक नव्हती. वरून पापडी, खालून लापशी! गुडघ्यापर्यंत रुतले, तोल गेला. आता मी म्हणतो की मी मुद्दाम त्यांच्याकडं वाकलो. वारा म्हणतो, मी वाकवला. काही असो, त्यांचे दोन्ही हात माझ्या गमावर बसले आणि पाठोपाठ मिशीची उजवी बाजू. आता एका काठीवर दोन कैदी, समोरासमोर. गप्पीदासानं त्यांच्या नाकाजवळ गारगोट्या अशा आपटल्या, की त्या शिव्यांत जावईबापूंचं सगळं गोत आलं असावं.

बोंब ऐकून साळूबाई आणि तिची लेक छाया धावल्या.

"अवो, पाखरू धराया गेलता का पाखरू व्हाया?" छायानं विचारलं.

"हसतीस काय? तेल आण!"

वाटीभर गोडंतेल आलं. साळूबाई बांधावरून गेली ती थेट गप्पीदासाकडं.

"मामी, आधी मला!"

"थांबा जावईबापू. त्याला लांब जायचंय. तुमाला वरव्यालाच जायचंय न्हवं?"

तिनं बोटानं तेल लावत एकेक नख सोडवलं. गप्पीदास उडाला, बाभळीवर बसून पाय पुसू लागला. मग जावयाचे हात सुटले. मिशीपाशी येईतो वाटी कोरडी.

"तेल सरलं," साळूबाई म्हणाली आणि तिनं कमरेचा विळा काढला.

सासूनं जावयाला बोलू नये. ती बोललीच नाही. विळा बोलला.

निघताना गप्पीदास माझ्यावर राहिलेले ते मिशीचे केस चोचीत घेऊन गेला. काल तो परत आला. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून होतो, तिथंच येऊन बसला. सोबत नवी, मातकट रंगाची बायको. सांगत होता, "तिकडं घरट्यात मऊ अस्तर घातलं. वरव्याच्या मिशीवर पिल्लं झोपली!" खरं की खोटं मला काय ठाऊक, पण त्याच्या थापा परत आल्या, एवढं खरं.

मित्रांनो, शेतात थांबा लावा, पण त्याला फास करू नका. हजारो कोस उडून आलेलं पाखरू तुमच्या काठीवर विश्वासानं बसतं. तो विश्वास मोडलात, तर अळी तुमचं पीक खाईल, आणि काठी काय करील ते तुम्ही ऐकलंच आहे.

साळूबाई आता म्हणते, हा किडला, चुलीत घालू या. घाला, माझी ना नाही. फक्त दिवाळी होऊ द्या. जावईबापू यायचेत, आणि गप्पीदासाला औंदा डावी बाजू हवी आहे.