पठारावरचे तीन घाव

मित्रांनो, मी भरीव वेळूची एक जुनी काठी आहे. सध्या माझा मुक्काम पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू जिथे ठेवतात तिथे. माझ्या एका बाजूला कोयता आहे, दुसऱ्या बाजूला फुटलेलं हेल्मेट. माझ्या अंगावर एक उभी चीर आहे. ती कशी पडली, ते सांगते.

मला तोडलं, निखाऱ्यांवर धरून सरळ केलं, टोकाला लोखंडी शेंबी ठोकली. फार दुखलं. पण कर्वेनगरच्या सुनीतीबाईंच्या हातात आले आणि ते दुखणं विसरले. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरू लागले, तरी डोंगर सोडायला तयार नव्हत्या. दर भाद्रपदात आम्ही कात्रजच्या पुढच्या एका पठारावर जायचो. कातळावरच्या बोटभर मातीत तेव्हा निळी सीतेची आसवं, पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा दाटीने फुललेला असायचा. बाई पायवाट कधी सोडत नसत. माझ्यावर भार टाकून खाली वाकायच्या आणि सहलीच्या मुलांना भिंगातून दवबिंदू दाखवायच्या. दवबिंदू हे एका इवल्या वनस्पतीचं नाव; ती चिकट केसांनी मुंग्या धरते आणि खाते.

"ही भुकेपोटी मारते," बाई सांगायच्या. "तुडवणाऱ्याला तर भूकही नसते."

पठाराची राखण गावातला सीताराम करायचा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी त्यानेच बांधली होती. तो आणि बाई एकमेकांना फुलांची नावं शिकवायचे. बाईंना शास्त्रीय नावं येत, त्याला गावची.

तीन वर्षांपूर्वी बाईंचा मुलगा अभय आमच्याबरोबर आला. चाळिशीचा, मोठ्या नोकरीतला, पण पहिल्यापासून पटकन हात उगारणारा. शाळेत असताना त्याने एका मुलाचे दोन दात पाडले होते. बाईंनीच तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून ते प्रकरण मिटवलं होतं.

त्या दिवशी अभयने दोरी ओलांडली आणि फोटोसाठी फुलांत आडवा झाला. त्याच्या पाठीखाली सोनकीचे देठ मोडताना मी ऐकले.

"सायेब, बाहेर या. आत जायचं न्हाई," सीताराम म्हणाला.

"दोन मिनिटं. तुझ्या बापाचं शेत आहे का?"

"बापाचं न्हाई. पर राखाय मला ठेवलंय."

अभय उठला आणि मुद्दाम दोन पावलं आणखी आत गेला. सीतारामने त्याचं मनगट धरलं. झटापटीत अभयचा फोन कातळावर पडून फुटला. अभयने त्याच्या तोंडात मारली. सीतारामने हात सोडला नाही. तेव्हा अभय वळला आणि त्याने मला बाईंच्या हातातून हिसकावून घेतलं.

मित्रांनो, काठीला हात निवडता येत नाही.

पहिला घाव सीतारामच्या कोपराखाली बसला. हाड मोडलं ते आधी मला कळलं, मग त्याला. दुसरा घाव कानावर. रक्त माझ्या पेरांमध्ये शिरलं. तो गुडघ्यांवर बसला आणि मोडलेला हात पोटाशी धरून डोकं लपवू लागला. तिसऱ्यांदा मी वर गेले, तेव्हा बाई मध्ये आल्या. मी त्यांच्या खांद्यावर आदळले आणि तिथेच मला चीर गेली. बाई तेरड्यात कोसळल्या. अभयच्या हातातून मी गळून पडले. "आई," एवढंच तो म्हणाला.

"माझ्याकडे नको बघू," बाई म्हणाल्या. "त्यांना उचल. गाडीत घाल."

सीतारामला दवाखान्यात पोचवून बाई स्वतः पोलीस चौकीत गेल्या. मला टेबलावर ठेवून त्यांनी जबाब लिहून दिला. खांदा एव्हाना इतका सुजला होता की सही डाव्या हाताने केली.

गेल्या महिन्यात मला शिवाजीनगरच्या कोर्टात नेलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बाई उभ्या होत्या.

"ही काठी ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"माझीच आहे."

"घटनेच्या वेळी कोणाच्या हातात होती?"

बाईंनी अभयकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"माझ्या मुलाच्या."

अभयचे वकील उठले. "आई असून आपण मुलाविरुद्ध साक्ष देताय?"

"आई म्हणून एकदा मिटवून पाहिलं होतं," बाई म्हणाल्या. "दोन दातांवर भागलं होतं. या वेळी यांचा हात गेला."

मागच्या बाकावर सीताराम बसला होता. त्याचा डावा हात कोपरापाशी वाकडा राहिला आहे, आणि त्या बाजूच्या कानाने त्याला ऐकू येत नाही. बाई काय बोलल्या, ते त्याच्या बायकोने, वेणूबाईने, दुसऱ्या कानात सांगितलं. त्याने मान हलवली.

हवालदार मला घेऊन बाहेर आला, तेव्हा बाई पायऱ्या उतरत होत्या. त्यांचा पाय अडखळला. अभयने धावत येऊन हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आई तो धरेल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

बाईंनी तो हात धरला. घट्ट धरला.

"निकाल काय लागायचा तो लागेल," त्या म्हणाल्या. "रविवारी सीतारामभाऊंकडे जाऊ. ते दाराबाहेर उभं करतील. उभं राहायचं."

"हो," अभय म्हणाला.

पुढे काय झालं, ते या खोलीत मला कोण सांगणार? मित्रांनो, तुम्ही डोंगरावर फुलं पाहायला जाल, तेव्हा पायवाटेवरूनच चाला. कोणी "आत जाऊ नका" म्हणालं, तर थांबा. आणि हातात काठी असेल, तर तिची शेंबी जमिनीवरच असू द्या.