सफरचंदाच्या चार घड्या

सून पाचव्यांदा ड्रायव्हिंगची टेस्ट द्यायला गेली, त्या दिवशी सासूबाईंनी काहीतरी गोड करायचं ठरवलं. पास झाली तर कौतुकाचं, नापास झाली तर समजुतीचं. दोन्हीला पदार्थ एकच असला की निकालासाठी खोळंबून राहावं लागत नाही, असा त्यांचा विचार.

सासूबाईंनी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम केलं होतं. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, आणि कुणाच्या बाहीला आग लागली तर न ओरडता विझवायची. मुलं मागून त्यांना ‘लिटमस’ म्हणायची. आपल्याला हे ठाऊक आहे, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.

घरात त्या दोघीच. मुलगा दूरच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचा आणि दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. सून फिजिओथेरपिस्ट होती, लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलवून द्यायची. तिचे बरेचसे पेशंट आता गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होते आणि तिकडे तासाला एक बस. खाली सासऱ्यांची गाडी कव्हर पांघरून उभी होती. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा आला की गाडी सुरू करून बघायचा आणि पुन्हा कव्हर घालायचा.

सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडण व्हायला थोडं तरी बोलावं लागतं. ‘आई, दूध संपलंय’ आणि ‘अगं, तुझी छत्री राहिली’ एवढ्यावर त्यांची चार वर्षं सुरळीत गेली होती.

एअर फ्रायर सुनेचा. ती त्यात रात्रीचे उरलेले बटाटे गरम करायची. सासूबाईंनी त्याला आजवर फक्त बाहेरून पुसलं होतं. पण फ्रिजमध्ये चार सफरचंदं होती, त्यातली दोन एका बाजूने मऊ पडलेली, आणि कालचा आठ स्लाइस ब्रेड होता. यंत्राच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक कृती होती. ब्रेड लाटा, फळ भरा, घडी घाला, आठ मिनिटं. सासूबाईंनी ती दोनदा वाचली. प्रमाणं ढोबळ दिली होती, हे त्यांना आवडलं नाही.

त्यांनी सफरचंदं बारीक चिरली, मऊ भाग काढून टाकला. दोन चमचे साखर, चिमूटभर दालचिनी, लिंबाचे चार थेंब, आणि फोडी पातेल्यात पाणी आटेपर्यंत परतल्या. ब्रेडच्या कडा कापल्या, लाटण्याने स्लाइस पातळ केले, मध्ये एकेक चमचा सारण ठेवून घडी घातली आणि वरून लोण्याचं बोट फिरवलं. टोपलीत चार घड्या मावत होत्या. त्यांनी तीन भरलेल्या ठेवल्या आणि चौथी रिकामी.

रिकामी तुलनेसाठी होती. नुसत्या ब्रेडचं काय होतं हे कळल्याशिवाय भरलेल्या ब्रेडचं काय झालं हे कसं कळणार? कृती लिहिणाऱ्याला हे सुचलं नव्हतं, त्याला त्या काय करणार.

एकशेऐंशीवर यंत्र सुरू झालं. आतला पंखा घरघरला. दुसऱ्या मिनिटाला आत काहीतरी फडफडलं आणि तिसऱ्या मिनिटाला धूर आला. रिकामी घडी वजनाला हलकी, ती वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटली होती. छताखालचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. सासूबाईंनी यंत्राचं बटण बंद केलं, प्लग काढला, खिडकी उघडली आणि अलार्मखाली उभं राहून वर्तमानपत्राने वारा घातला. एवढ्यात दार वाजलं.

दारात खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर उभे होते, निवृत्त, हातात पाण्याची बादली.

“आग कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“नाहीये. ब्रेड वर चिकटला.”

“वर म्हणजे छताला?”

“यंत्राच्या आत. या.”

पोस्टमास्तर बादलीसकट आत आले. दोघांनी मिळून टोपली बाहेर काढली. सासूबाईंनी गार झालेल्या कॉइलवरून चिमट्याने कोळसा ओढून काढला आणि बशीत ठेवला. उरलेल्या तीन घड्यांची तोंडं उघडली होती आणि सारण अर्धं बाहेर आलं होतं.

“चिकटवल्या नव्हत्या वाटतं,” पोस्टमास्तर म्हणाले. “पाकीट नुसतं दुमडून भागत नाही.”

सासूबाईंनी एक घडी त्यांना दिली. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली, दुसरीही खाल्ली आणि धुराचा वास येतो, बाकी ठीक आहे, असा शेरा दिला. बादली ते तिथेच विसरून गेले.

दुसऱ्या वेळी सासूबाईंनी कडांना पाण्याचं बोट लावलं, काट्याच्या दातांनी चहूकडून दाबलं आणि प्रत्येकीला एक टूथपिक टोचली. रिकामी ठेवली नाही. रिकामीचं काय होतं ते आता कळलं होतं. आठ मिनिटांनी चार घड्या निघाल्या, बदामी रंगाच्या, तोंड मिटलेल्या. टूथपिक काढून त्यांनी वर साखर भुरभुरली आणि खुर्चीत बसल्या.

सून चारला आली. चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली.

“नापास,” ती म्हणाली.

“बस. खा.”

सून बसली. सहसा ती ‘नंतर खाते’ म्हणायची. आज तिने एक घडी उचलली, अर्धी खाल्ली, आणि मग तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. गरम आहे का, असं त्या विचारणार होत्या, पण तसं नव्हतं हे दिसत होतं.

“सगळं नीट झालं होतं आई,” सून म्हणाली. “चढावर गाडी थांबवली, उलटी घेतली. मग ते साहेब कागदावर लिहायला लागले. पेनाचा आवाज आला ना, की माझा पाय कुठे आहे तेच मला कळत नाही.”

“कोणता पाय?”

“दोन्ही.”

“पाचही वेळा असंच?”

“पाचही वेळा. मी रोज लोकांना सांगते, पाय सैल सोडा म्हणून. आणि मी स्वतः...” तिने दुसरी घडी घेतली. “हे तुम्ही केलंत? यात?”

“हो. तुझ्या यंत्राला काही झालेलं नाही. कॉइल पुसली आहे.”

सुनेने बशीतल्या कोळशाकडे एकदा बघितलं आणि बशी बाजूला सरकवली.

सासूबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड घेऊन आल्या. सुनेने ते उलटसुलट करून पाहिलं. फोटो सासूबाईंचा होता. ड्रायव्हिंग लायसन्स, मुदत अजून तीन वर्षांची.

“तुम्हाला गाडी येते?”

“अकरा वर्षं चालवली. शाळेत नोकरीला गाडी मीच घेऊन जायचे.”

“यांनी मला कधी सांगितलं नाही.”

“तो लहान होता. आठवत नसेल.” सासूबाईंनी टेबलावरची साखर तळहाताने गोळा केली. “तुझे सासरे शेजारी बसायचे. माणूस चांगला. पण प्रत्येक वळणाला म्हणायचे, ‘जपून’. वळण आलं, जपून. सायकलवाला दिसला, जपून. समोर काही नसलं तरी, आपलं सुरक्षित असावं म्हणून एकदा. अकरा वर्षं. एके दिवशी बाजाराजवळ मी गाडी बाजूला लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चालत घरी आले.”

“मग?”

“मग काही नाही. त्यांनी भाजी आणली.”

“भांडला नाहीत?”

“भांडायला हवं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, गप्प बसले म्हणजे मी जिंकले. लायसन्सची मुदत मात्र दरवेळी वाढवून घेत आले. त्यांना न सांगता.”

सुनेला हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, पण तोंडात सफरचंद होतं, ठसका लागला. सासूबाईंनी पाठीवर थापटलं. चार वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं.

लगेचच्या रविवारी सकाळी दोघींनी गाडीवरचं कव्हर काढलं. मंडईमागचा वाहनतळ सुट्टीच्या दिवशी रिकामा असायचा. सून चालवायला बसली, सासूबाई शेजारी, मांडीवर वही. गाडी हलली तशा त्या वहीत लिहायला लागल्या, आवाज होईल असं, पेन दाबून. सून पहिल्यांदा थेट खांबासमोर जाऊन थांबली.

“काय लिहिताय?”

“तुला काय करायचंय? चल.”

सहा रविवार हेच झालं. सासूबाईंनी ना ‘डावीकडे’ म्हटलं ना ‘हळू’. नुसत्या लिहीत राहिल्या. तिसऱ्या रविवारी सुनेला पाय सापडायला लागले. पाचव्या रविवारी तिला पेन ऐकूच येईना. तेव्हा कुठे तिने गाडी लावून वही मागितली. वहीत वाण्याची यादी होती, मग सफरचंदाच्या सारणाची सुधारित प्रमाणं, आणि पुढची बावीस पानं एकच वाक्य होतं: ‘ही चांगली चालवते.’

सुनेने वही मिटून परत दिली. “बावीस पानं?”

“दुसरं काही सुचेना,” सासूबाई म्हणाल्या.

सहाव्या टेस्टला साहेबांनी खूप लिहिलं. सुनेने गाडी उलटी घेतली, चढावर थांबवली, सिग्नलला उभी केली, आणि पास झाली. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “आई शिकवत होती? कुठली आई?” सुनेने फोन सासूबाईंकडे दिला आणि त्यांनी तो लगेच परत दिला. समजावून सांगायला वेळ नव्हता, कुकर लावलेला होता.

सोमवारी सून एकटी गाडी घेऊन नव्या वस्तीकडे निघाली. पहिली पेशंट खुब्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी होती, साडेनऊची वेळ. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. मागच्या टेम्पोने भोंगा वाजवला. सासूबाईंनी कठडा धरला आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं. गाडी पुन्हा सुरू झाली, इंडिकेटर लागला आणि ती उजवीकडे वळली. थोडा वेळ त्या रस्त्याकडे बघत राहिल्या, मग वाळत घालायचे ओले कपडे आणायला आत गेल्या.